मॉन्टेरेच्या गार पाण्यात कॅमेरा घेऊन

कॅलिफोर्निया म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ऊन, वाळू आणि आडवे पडलेले लोक. ते लोक पाण्यात का जात नाहीत, हे पाय बुडवल्याशिवाय कळत नाही. सॅन होजेहून तास-सव्वा तासावर मॉन्टेरेचा उपसागर आहे. तिथे तळाशी पाणी वर्षातला बहुतेक काळ १० ते १३ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात जरा बरं असतं आणि एप्रिल-मेमध्ये, बाहेर ऊन तापायला लागतं तेव्हाच, सगळ्यात गार होतं. वसंतात वायव्येचा वारा किनाऱ्याला धरून जोरात वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब सरकतं आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्या पाण्याबरोबर नायट्रेटसारखं खत येतं. खत आणि ऊन एकत्र आलं की सूक्ष्म वनस्पती अशा माजतात की कधी कधी पाण्याखाली स्वतःच्या पायातले फिन्स दिसत नाहीत. इथलं सगळं जीवन, समुद्रसिंहांपासून नखाएवढ्या गोगलगायीपर्यंत, याच गार आणि गढूळ पाण्यावर पोसलेलं आहे. त्यामुळे थंडीबद्दल कुरकुर करायला फारसा वाव राहत नाही.

मी स्कूबा शिकले मालवणला, तारकर्लीत. पाणी २८ अंश, अंगात पातळ सूट, बुडता यावं म्हणून कंबरेला चारेक किलो शिसं. नोकरीनिमित्त इकडे आल्यावर डायव्ह शॉपमध्ये गेले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी माझं डायव्हिंगचं कार्ड उलटसुलट पाहून विचारलं, "गार पाण्यात कधी उतरलाय का तुम्ही?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी ड्रायसूटच्या, म्हणजे आत पाणी शिरू न देणाऱ्या सूटच्या, कोर्सचा फॉर्मच पुढे सरकवला. त्यांचा धंदा झाला हे खरं, पण सल्लाही बरोबर होता. पाणी अंगातली उष्णता हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. सात मिलिमीटरचा वेटसूट घालून इथे उतरणारे पुष्कळ आहेत, आणि पोहत राहणाऱ्याला तो पुरतोही. एका दगडापाशी पाऊण तास हलायचंच नाही म्हटलं की मात्र दात वाजायला लागतात. फोटो काढणाऱ्याला न हलणंच भाग असतं.

ड्रायसूट हे एक प्रकरणच आहे. मान आणि मनगटांना लेटेक्सचं घट्ट सील, खांद्यावरून जाणारी जाडजूड चेन, आत फ्लीसचे कपडे. डोकं घालताना मानेच्या सीलला टाल्कम पावडर चोळायची, चेनला मेण. पाण्यात खोल जावं तशी आतली हवा आक्रसते आणि सूट अंगाला चिमटे काढत आवळतो. मग छातीवरचं बटण दाबून टँकमधली थोडी हवा सूटमध्ये सोडायची. वर येताना तीच हवा फुगते, ती दंडावरच्या झडपेतून घालवायची. हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर जायला लागतो. म्हणून कोर्समध्ये मुद्दाम उलटं करतात आणि अंग गोळा करून कोलांटी मारून सरळ व्हायला शिकवतात. आतल्या हवेमुळे शिसंही जास्त लागतं. माझं शिसंच सगळं मिळून १४ किलोंवर जातं. एवढं सगळं अंगावर चढवून, पाठीवर टँक आणि हातात कॅमेरा घेऊन पार्किंगमधून पाण्यापर्यंत चालणं हा त्या दिवसाचा सगळ्यात कष्टाचा भाग. पाण्यात शिरेपर्यंत घामाने आतले कपडे ओले, आणि शिरल्यावर पहिली दोन मिनिटं कपाळात कळ. हुड आणि मास्कच्या मधे जी बोटभर कातडी उघडी राहते, तिथेच ती भरते.

नवशिक्यांपासून सगळे जातात ती जागा म्हणजे सॅन कार्लोस बीच. शेजारी कोस्ट गार्डचा लाटा अडवणारा धक्का आहे म्हणून सगळे तिला ब्रेकवॉटरच म्हणतात. लाट कमी, उतार हळूहळू, पार्किंग जवळ, स्वच्छतागृह आहे. धक्क्याच्या टोकाला समुद्रसिंहांचा कळप दिवसभर ओरडत पडलेला असतो आणि वारा तिकडून आला तर नाकाला कळतंच. इथून दक्षिणेला कार्मेलपाशी मोनास्टरी बीच आहे. दिसायला देखणा, पाण्याखालीही अप्रतिम. पण वाळू एकदम उतरणारी आणि लाट थेट काठावर फुटणारी. तिथे माणसं बुडालेली आहेत. मी तिथे कॅमेरा घेऊन उतरत नाही, आणि नवख्या बडीला, म्हणजे डायव्हच्या जोडीदाराला, तिथे घेऊन जाणाऱ्या लोकांचं मला अजिबात कौतुक नाही. तिसरी जागा पॉइंट लोबोस. १९६० मध्ये तिथला समुद्राचा पट्टा राखीव झाला, अमेरिकेतलं पाण्याखालचं पहिलं राखीव क्षेत्र. व्हेलर्स कोव्ह आणि ब्लूफिश कोव्ह एवढ्याच भागात डायव्हिंग करता येतं. रोज ठरावीक जोड्यांनाच परवानगी, त्यामुळे शनिवार-रविवारचं बुकिंग मिळवायला चिकाटी लागते.

पाण्याखाली आधी भेटतं ते केल्प. हे झाड नव्हे, तपकिरी शेवाळ. त्याला मुळं नसतात, खडकाला घट्ट धरून ठेवणारा एक गुंता असतो. प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेचा फुगा, त्यामुळे सगळा वेल ताठ उभा राहतो आणि पृष्ठभागावर पसरून छप्पर तयार होतं. सगळं जमून आलं तर हा वेल दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो. त्या छपराखाली उन्हाच्या तिरिपी येतात तेव्हा कुणीही वाइड लेन्स लावावी. मीही सुरुवातीला लावायची. पण त्या फोटोंना व्हिज, म्हणजे पाण्यात लांबपर्यंत दिसणं, लागते आणि इथे बहुतेक दिवस ती चार-पाच मीटरच्या पुढे जात नाही. शिवाय केल्पमध्ये टँकचा व्हॉल्व्ह अडकला की झटापट करून गुंता वाढवायचा नसतो. थांबायचं, बडीला दाखवायचं, नाहीतर तो देठ पटकन दुमडायचा, तो काडकन तुटतो. मालवणच्या जाळ्यांपेक्षा हे बरं.

फोटोत खरा फरक पडला तो पार्किंगमधल्या एका आजोबांमुळे. शेजारच्या गाडीपाशी ते टँक जोडत होते. मला काही सापडत नाही, सगळं हिरवं आणि रिकामं दिसतं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "गोगलगाय शोधू नका. ती काय खाते ते शोधा, आणि तिथे बसून राहा."

इथल्या कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी, म्हणजे न्यूडीब्रँक, खाण्याच्या बाबतीत कमालीच्या चोखंदळ आहेत. पुष्कळ जाती एखाद-दुसऱ्या गोष्टीवरच जगतात. त्यामुळे खडकावर गुलाबी पापुद्रा दिसला की थांबायचं. हा पापुद्रा म्हणजे ब्रायोझोआ नावाच्या अतिसूक्ष्म प्राण्यांची वसाहत. त्यावर चरते हॉपकिन्स रोझ, जेमतेम नखाएवढी, अंगभर लांब मऊ उंचवटे आणि रंग झगझगीत गुलाबी. तो रंग ती खाण्यातूनच मिळवते. पापुद्र्यावर कडेने कुरतडल्याच्या खुणा असतील तर ती किंवा तिची बहीण वीतभर अंतरात असतेच. तसंच हायड्रॉइडचं. हे जेलीफिशचे नातलग, खडकावर बारीक पिसांच्या झुडपासारखे वाढतात. त्यांच्यावर हर्मिसेंडा सापडते: पाठीवर केशरी रेघ, कडेला निळसर पांढऱ्या रेषा, आणि पाठभर बोटांसारखे फुगवटे. हायड्रॉइडच्या डंख मारणाऱ्या पेशी ती पचवत नाही. त्या न फुटता फुगवट्यांच्या टोकात साठवते आणि स्वतःच्या बचावाला वापरते. दुसऱ्याचं हत्यार गिळून तेच पाठीवर बाळगायचं! हर्मिसेंडा दिसायला नाजूक, स्वभावाने भांडखोर. दोघी समोरासमोर आल्या की एकमेकींना चावे घेतात. मी असा सामना पाहिलाय. दोघींनी आधी तोंडाजवळच्या लांब मिशांनी एकमेकींना चाचपलं, मग एकीने दुसरीच्या कुशीत तोंड खुपसलं, दुसरीने पाठीवरचे फुगवटे फुलवून तिच्याकडे वळवले. अर्ध्या मिनिटात दोघी आपापल्या वाटेला. कॅमेऱ्यात आलं ते फक्त वळलेल्या शेपटीचं टोक.

कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गार पाण्यात त्याचं वेगळं तंत्र आहे. पाच-सहा मीटरखाली लाल रंग जवळजवळ संपतो. ती गुलाबी हॉपकिन्स रोझ डोळ्यांना काळपट राखाडी दिसते. तिचा रंग स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, पेटल्यावरच, तोही मागच्या स्क्रीनवर कळतो. म्हणून स्वतःचा उजेड घेऊन जावं लागतं. पण पाण्यात एवढे कण तरंगत असतात की स्ट्रोब लेन्सला चिकटून समोर रोखला तर फोटोवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. त्यावर एकच इलाज: दोन्ही स्ट्रोब बाजूला पसरून तिरके ठेवायचे आणि विषयाच्या इतकं जवळ जायचं की मधे पाणीच उरू नये. माझ्याकडे ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आहे, बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी. अ‍ॅपर्चर ११ किंवा १४, शटर १/१६० आणि आयएसओ २०० यावर बहुतेक वेळा काम भागतं. फोकस शिंगांवर. गोगलगायीला डोळे असतात ते कातडीखाली असल्यासारखे, त्यांचा फोटोला उपयोग नाही. डोक्यावरची दोन शिंगं हीच तिची गंध घेणारी इंद्रियं, ती तीक्ष्ण आली तर फोटो जिवंत वाटतो.

हातात पाच मिलिमीटरचे ग्लोव्ह्ज, त्यात अर्ध्या तासाने बोटं बधिर. त्यामुळे हाउसिंगची, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीची, बटणं नुसत्या स्पर्शाने ओळखता यायला हवीत. मी घरी टीव्हीसमोर बसून ग्लोव्ह्ज घालून त्याचा सराव करायची, आणि नवरा ते बघून काही बोलायचा नाही, हे विशेष. बॅटरी गारठ्यात लवकर उतरते. गरम गाडीत हाउसिंग बंद केलं तर आतल्या हवेतली वाफ ११ अंशांच्या पाण्यात काचेवर बसते, आणि पाण्याखाली काही ती पुसता येत नाही. म्हणून आदल्या रात्री कोरड्या खोलीत पेटीच्या रबरी ओ-रिंगवरचा केस न् केस टिपून, सिलिका जेलची पुडी टाकून ते बंद करायचं आणि सकाळी उघडायचं नाही. एवढं करून मॅक्रो लावून उतरलं की नेमका त्याच दिवशी समुद्रसिंहाचा बछडा येऊन तोंडासमोर गिरक्या घेतो. मॅक्रोत त्याची मिशी येते.

ब्रेकवॉटरच्या वाळूत पाहण्यासारखं काय आहे, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक जण वाळू ओलांडून थेट पंधरा मीटर खोलीवर पांढऱ्या समुद्रफुलांनी, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांनी, झाकलेल्या खडकांकडे जातात. ती समुद्रफुलं खरंच बघण्यासारखी आहेत, एकेक अर्ध्या मीटरहून उंच. पण माझा जीव वाळूत रमतो. तिथे नळीत राहणारी समुद्रफुलं असतात. वाळूत पुरलेली कातडी नळी आणि तिच्या तोंडातून बाहेर पसरलेली लांबलचक बारीक भुजांची फुलारी. त्यांच्यावर जगते डेंड्रोनोटस आयरिस, हाताच्या तळव्यापेक्षा लांब होणारी गोगलगाय. पाठीवर झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे.

एकदा माझ्या बडीने टॉर्च हलवून बोलावलं. दोन बोटं डोक्यावर धरून हलवायची, ही न्यूडीब्रँकची खूण; त्याने एका हाताने ती केली आणि दुसऱ्या हाताने लांबी दाखवली. लालसर डेंड्रोनोटस नळीपासून वीतभर अंतरावर होती. आम्ही वाळू उडू नये म्हणून फिन्स वर उचलून तरंगत राहिलो. ती सरळ चालून गेली नाही. थोडी पुढे आली, थांबली, तोंडाकडचे फुटवे पुढे केले. समुद्रफुलाची एक भुजा तिला लागली. ती मागे सरकली, पण गेली नाही, तिथेच डावीकडून पुन्हा आली. मग अंगाचा पुढचा भाग तिने वर उचलला, वाळूवरून पूर्ण सुटला, आणि क्षणात भुजांच्या गुच्छावर झडप घातली. समुद्रफूल नळीत दडी मारायला लागलं तशी तीही डोकं ओढलं जाऊन अर्धी नळीत शिरली. मला वाटलं आता गेली. काही सेकंदांनी ती उलटी बाहेर आली, तोंडात भुजांचा झुबका. समुद्रफूल मरत नाही, भुजा पुन्हा फुटतात. त्याच नळीच्या बाहेरच्या कातडीवर गोगलगायीच्या अंड्यांची पांढरी माळ गुंडाळलेली होती. म्हणजे जेवण आणि बाळंतपण एकाच पत्त्यावर. या सगळ्यात माझे तीन फोटो आले. त्यातला बरा म्हणावा असा एक, तो उचललेल्या अंगाचा. झडपेचा नाहीच. स्ट्रोब पुन्हा चार्ज व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात झडप होऊन गेली होती.

न सापडणाऱ्या गोष्टींचीही नोंद ठेवावी, असं मला इथे वाटायला लागलं. सूर्यफूल तारामासा हा इथल्या तळावरचा मोठा शिकारी, चोवीसपर्यंत भुजा आणि मीटरभर व्यास. २०१३ पासून तारामाशांना एक भयंकर रोग जडला. अंग विरघळल्यासारखं होऊन भुजा गळायच्या. सूर्यफूल तारामासा कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ मध्ये समुद्र विलक्षण तापला आणि केल्पला खत मिळेनासं झालं. जांभळ्या अर्चिनना, म्हणजे काटेरी गोळ्यांसारख्या प्राण्यांना, खाणारा तारामासा उरला नव्हता, तेव्हा त्यांनी मोकाट चरून किनाऱ्याच्या उत्तर भागातलं बहुतेक केल्प संपवलं. मॉन्टेरेत समुद्री ऊदमांजरं आहेत, ती अर्चिन खातात, म्हणून इथे तुकड्या-तुकड्यांनी जंगल टिकलंय. पण ऊदमांजर शहाणं; उजाड खडकावरचे उपाशी, आत काही न उरलेले अर्चिन ते फोडत बसत नाही. त्यामुळे उजाड ते उजाडच राहतं. रोगाचं कारण सापडायला दहा वर्षांच्या वर गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू त्यामागे असल्याचं शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. त्या तारामाशाचा मी स्वतः काढलेला एकही फोटो माझ्याकडे नाही. माझ्याआधी इथे डायव्ह करणाऱ्यांच्या जुन्या अल्बममध्ये मात्र तो कोपऱ्याकोपऱ्यांत दिसतो, मुद्दाम काढलेला नव्हे, नुसता चौकटीत आलेला.

डायव्हनंतर टँक गाडीत टाकला, कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि थर्मासातलं सूप पोटात गेलं की मग बोटं चालायला लागतात. घरी गेल्यावर फोटो आयनॅचरलिस्ट या जिवांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकते, तारीख, जागा आणि खोलीसकट. तिथे कुणीतरी जाणकार नाव सांगतो, कधी माझं नाव खोडतो. हर्मिसेंडाचंच उदाहरण घ्या. २०१६ पर्यंत अलास्कापासून खालपर्यंत सगळ्या एकाच जातीच्या मानत. त्या वर्षी त्यांच्या तीन जाती झाल्या आणि मॉन्टेरेतलीला हर्मिसेंडा ओपॅलेसेन्स म्हणायला लागले. उत्तरेकडच्या जातीच्या फुगवट्यांवर पांढरी उभी रेघ असते, हिच्यावर नसते. समोरून काढलेला देखणा चेहरा असेल तर हे दिसत नाही. म्हणून आता एक फोटो माझ्यासाठी समोरून, आणि एक बाजूने, नावासाठी. सुट्टीत मुंबईला गेले की मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या लोकांबरोबर ओहोटीला खडकांवर फिरते. २०१७ पासून ही मंडळी शहराच्या किनाऱ्यावरच्या अशाच जिवांची नोंद करताहेत. तिथे गुडघाभर पाण्यात, सलवार वर दुमडून, मोबाइलवर न्यूडीब्रँकचे फोटो मिळतात. चौदा किलो शिसं नाही, टाल्कम पावडर नाही. सासूबाई पहिल्यांदा बरोबर आल्या तेव्हा म्हणाल्या, "एवढंच बघायला तू तिकडे त्या बर्फात जातेस?"

एप्रिल आला की व्हिज पडते आणि बरेच जण टँक धुऊन ठेवून देतात. मला तो महिना चुकवायचा नसतो, कारण त्याच सुमाराला माकूल (स्क्विड) किनाऱ्यालगत अंडी घालायला येते. रात्री उपसागरात मासेमारी बोटींचे प्रखर दिवे लागलेले दिसले की समजायचं. काही दिवसांनी ब्रेकवॉटरच्या वाळूत बोटभर लांबीच्या पांढऱ्या पिशव्यांचे गुच्छ रोवलेले असतात, प्रत्येक पिशवीत शेकडो अंडी. घालणाऱ्या माकली तिथेच आजूबाजूला मरून पडलेल्या. अंड्यांकडे मासे फारसे बघत नाहीत, तारामासे मात्र निवांत बसून खातात. पिल्लं बाहेर पडायच्या आधी पिशवीच्या मागून टॉर्च धरला तर आत काळे डोळे आणि कातडीवरचे लालसर ठिपके दिसतात. लाट पुढे-मागे करत असते, तिच्याबरोबर पिशवी झुलते आणि मीही झुलते, दोघींचा ताल कधी जुळत नाही. मग फोकस एका अंतरावर पक्का करायचा, पिशवी समोर आली की बटण दाबायचं. अशा तीस-चाळीस फोटोंत एखाद्यात डोळे स्पष्ट येतात. बाकीचे मी त्याच संध्याकाळी उडवून टाकते.